मंडपाबाहेरची शाळा

एका जंगलात, मुलांनो, एक शाळा होती.

ए, मागे कोण फिस्सकन हसलं? जंगलात शाळा नसते असं वाटतं होय तुला? अरे बाळा, ज्या जंगलात समिती असते तिथे शाळा असावीच लागते. नाहीतर समितीने बसायचं कशावर? गप बैस आणि ऐक.

तर शाळा होती बेहड्याच्या झाडाखाली. सरकारी होती, म्हणजे सगळ्यांची होती. हरणांची, वानरांची, सशांची, कासवांची, झाडून सगळ्यांची पोरं तिथे यायची. शाळेला भिंती नव्हत्या, फळा नव्हता, घंटाही नव्हती. होता तो फक्त चिखल. झाडाच्या पुढ्यात ओढ्याचं पाणी झिरपून झिरपून एक मोठं, काळंभोर, लोण्यासारखं मऊ मैदान झालं होतं. पोरं सकाळी यायची ती थेट त्या चिखलात नाक घालून बसायची.

कारण त्या शाळेत विषय एकच होता, पायांचे ठसे.

आता तुम्ही म्हणाल, ठसे कसले शिकायचे? तुमचं बरं आहे, तुम्ही नळाचं पाणी पिता. त्या जंगलात उन्हाळा आला की सगळे ओढे आटायचे आणि एकच पाणवठा उरायचा. तिथे सगळ्यांनाच जावं लागे. बिबट्यालाही. आणि बिबट्या काही 'मी आत आहे' अशी पाटी लावून बसत नाही. त्याचा फक्त ठसा दिसतो, काठच्या ओल्या मातीत.

तो ठसा कोणाचा, हे आधी ओळखायचं. मग तो कधीचा, हे ओळखायचं. कालचा असेल तर खुशाल पाणी प्यायचं. आत्ताचा असेल तर घशाला कितीही कोरड पडो, आल्या पावली पळत सुटायचं. एवढं ज्याला आलं तो घरी परत यायचा. ज्याला आलं नाही त्याची आई बिळाच्या तोंडाशी वाट बघत बसायची.

शाळेच्या बाई होत्या साळूबाई. जातीच्या साळिंदर. स्वभावाने अशा तापट की चुकलं की अंगावरचे काटे सरसरून उभे राहायचे आणि सगळा वर्ग चिडीचूप व्हायचा. पावसाळा संपला की त्या 'कोणाचा' शिकवायला घेत आणि थंडी सरता सरता 'कधीचा'. त्यांच्या हाताखाली शिकलेला पोरगा पाणवठ्यावर बिबट्याच्या तावडीत सापडला, असं कधी झालं नव्हतं.

सशांच्या वस्तीत कापशी नावाची एक आई होती. आपली गोष्ट तिचीच आहे. तिला भुऱ्या नावाचा एक मुलगा होता. भारी पळायचा. कापशी म्हणायची, "सशाच्या जातीला पळता आलं की झालं. शाळा कशाला हवी?" गेल्या उन्हाळ्यात भुऱ्या पाणवठ्यावर गेला आणि परत आलाच नाही. लोक म्हणाले, ठसा अगदी समोर होता, एवढा मोठा. भुऱ्या त्याच्यावरच पाय देऊन उभा होता म्हणे.

कापशी तेव्हापासून हसलेली कोणी पाहिली नव्हती. पावसाळा संपल्याबरोबर तिने धाकट्या लेकीचा, टुणीचा, पंजा धरला आणि तिला साळूबाईंच्या समोर नेऊन उभं केलं.

"बाई," ती म्हणाली, "हिला दुसरं काही नाही आलं तरी चालेल. वाकडीतिकडी उडी मारेना का. पण उन्हाळ्याच्या आत ठसा वाचता आला पाहिजे. माझ्यात आता आणखी एक सोसायची ताकद नाही हो."

साळूबाईंचे काटे जरा मऊ पडले. "येईल," त्या म्हणाल्या. "रोज पाठवा म्हणजे झालं."

झालं, टुणी रोज जायला लागली. आणि सगळं सुरळीत चाललं होतं म्हणूनच, मुलांनो, समितीला काळजी वाटायला लागली.

समितीचे अध्यक्ष होते शिंगरे पाटील. थोराड सांबर. शिंगं एवढी पसरलेली की पाटील मान हलवायला लागले की शेजारचे दोघे खाली वाकत. एके सकाळी पाटील शाळेवरून चालले होते. बघतात तर काय, पोरं येताहेत आणि सरळ चिखलात घुसताहेत. ना नमस्कार, ना चमत्कार.

"साळूबाई," पाटील गरजले, "संस्कार कुठे आहेत?"

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांना वाटलं, कोणाचं पिल्लूबिल्लू हरवलं की काय.

"अहो, सकाळी सकाळी देवाचं नाव नको का घ्यायला? आमच्या काळी..." आणि मग पाटलांनी त्यांच्या काळचं जे सांगितलं ते मी तुम्हाला सांगत नाही. तुम्हाला झोप येईल आणि मलाही.

"पाटील, 'कोणाचा' संपवायचंय थंडी सरायच्या आत. वेळ कुठून काढू?" साळूबाईंनी विचारलं.

"थोडासाच वेळ हो! चिमूटभर! चिमूटभर वेळ देवाला दिल्याने काय बिघडतं?"

आता याला कोण नाही म्हणणार? नाही म्हणावं तर लोक म्हणायचे, बाई देवाच्या विरुद्ध आहेत. साळूबाई कितीही काटेरी असल्या तरी शेवटी नोकरदार. त्यांनी काटे आडवे केले.

दुसऱ्या दिवसापासून प्रार्थना सुरू झाली. शिंगाळ्या देवाची. सांबरांचा, चितळांचा आणि एकूणच शिंगवाल्यांचा हा देव. जंगलात शिंगवाले जास्त, म्हणून त्यांचा देव सगळ्यांचा, असा साधा हिशोब होता.

"शिंगाळ्या देवा, शिंगे दे मोठी,
शिंगांना आमुच्या धार दे गोमटी."

कासवाचं पिल्लू म्हणतंय, शिंगांना आमुच्या. बेडकाचं पिल्लू म्हणतंय, शिंगांना आमुच्या. टुणी घरी येऊन आपलं कपाळ चाचपत बसली.

"आई, मला शिंगं कधी येणार गं?"

"कधीच नाही. आज ठसा कोणता शिकलीस?"

"रानडुकराचा अर्धा. मग वेळ संपला."

 कापशीने स्वतःची समजूत घातली, की अर्धा आज तर अर्धा उद्या.

पण उद्या वानर आले. सगळे एकदम, फांद्या हलवत. "हा काय अन्याय आहे?" ते म्हणाले. "आमच्या पोरांनी शिंगं का मागायची? आमच्या देवाला शेपूट आहे. चांगली लांबलचक आहे. त्याची पण प्रार्थना झाली पाहिजे!"

समितीचे सगळे कारभार बघायचा कोल्होबा. तो पाटलांच्या कानाला लागूनच असायचा. तो पुढे झाला आणि गोड आवाजात म्हणाला, "घ्या की! आपल्या जंगलात सगळे देव सारखे. शेपटीचीही प्रार्थना घ्या."

म्हणून मग शेपटीचीही घेतली. ते ऐकून कासवं आली. यायला त्यांना बरेच दिवस लागले, पण आली. त्यांचा पाठीचा देव. प्रार्थना दोनच ओळींची, पण ती कासवांच्याच चालीत म्हणायची. पहिली ओळ संपेपर्यंत उन्हं डोक्यावर यायची. मग साळुंक्या आल्या, मुंगसं आली, घोरपडी आल्या. एकाही आईबापाने येऊन असं विचारलं नाही की ठसे कुठवर आले. जो तो एवढंच विचारी, आमच्या देवाचा नंबर कितवा?

आणि एवढ्या प्रार्थना म्हणायच्या म्हणजे चिखलात उभं राहून कसं चालेल? देवाचं काम आहे, मंडप पाहिजे! मंडप बांधायचा म्हणजे सपाट, मोकळी जागा पाहिजे. अशी जागा जंगलात एकच होती. बरोब्बर ओळखलंत. शाळेच्या चिखलावर मुरूम टाकला, चोपून चोपून टणक केला, वरून शेणाने सारवला आणि त्यावर मंडप उभा राहिला. चार दिशांना चार कमानी. खूप सुंदर होता हो. ठसा म्हणाल तर त्यावर हत्तीचाही उठला नसता.

उद्घाटनाला बिबट्याचा निरोप आला. तो स्वतः काही कुठल्या देवाला मानत नसे. लहान असो, मोठा असो, शिंगाचा असो, शेपटीचा असो, त्याला सगळी लेकरं सारखीच. त्याने कळवलं होतं, 'उपक्रम स्तुत्य आहे. गावोगावी असे मंडप व्हावेत.' निरोप वाचून दाखवल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला.

आता मंडपात पोरं दाटीवाटीने उभी राहायला लागली आणि पहिल्याच दिवशी साळूबाईंचे काटे तिघांना टोचले. पोरं रडली. कोल्होबा म्हणाला, "बाई, तुम्ही बाहेरच थांबा ना. आत मी बघतो." तेव्हापासून कोल्होबा झाला प्रार्थनाप्रमुख. आणि जंगलात ज्या एकीला शिकवता येत होतं, ती मंडपाच्या मागे, जिथे चिखलाचा एक तुकडा चुकून शिल्लक राहिला होता, तिथे एकटी बसून राहायला लागली.

ती एकटी फार दिवस राहिली नाही. कारण टुणीने घोटाळा केला.

प्रार्थनेचा नियम होता, डोळे मिटायचे. आणि ससे डोळे मिटत नाहीत. त्या जंगलातले ससे झोपतसुद्धा डोळे उघडे ठेवून. बाकीच्या सशांची पोरं निदान कान डोळ्यांवर ओढून वेळ मारून न्यायची. टुणीचे कान तोकडे होते, ते डोळ्यांपर्यंत पोचतच नव्हते. ती आपली टकामका बघत उभी राहायची.

कोल्होबाने तिला बाहेर काढलं. "देवासमोर डोळे वटारते! जा, मागे जाऊन उभी राहा. प्रार्थना संपेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही."

आणि प्रार्थना संपायची शाळा सुटताना.

ही बातमी टुणीच्या आधी वस्तीत पोचली. कापशी गवत आणायला निघाली की बाकीच्या आया कुजबुजायच्या. "हिची ती. बाहेर काढलेली." एक जण तर तोंडावर म्हणाली, "मोठ्याला शाळेत घातलं नाही, आणि धाकटीला घातलं तर ही तऱ्हा."

कापशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने घरी टुणीला समोर बसवलं आणि डोळे मिटायला शिकवायला लागली. पापण्यांना डिंक लावून पाहिला. तोकडे कान ताणून पाहिले. एकदा तर पळसाचं पान डोळ्यांवर बांधलं, तर टुणी बिळाच्या भिंतीवर जाऊन आदळली.

"आई, दुखतंय गं."

"दुखू दे! चार पोरांसारखी राहा की जरा. मला तोंड वर करून चालता येत नाही तुझ्यापायी." असं बोलून कापशी स्वतःच रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती उठली आणि शाळेवर गेली. कोल्होबाच्या पाया पडायचं, नाक घासायचं, पण पोरीला आत घेऊन जायचं असं ठरवून. मंडपातून घोरपडींची प्रार्थना ऐकू येत होती. कापशी वळसा घालून मागच्या बाजूला आली आणि थबकली.

साळूबाई आणि टुणी चिखलात डोक्याला डोकं लावून बसल्या होत्या.

"हा?" साळूबाई विचारत होत्या.

"चितळ. मादी."

"आणखी?"

टुणीने नाक जवळ नेलं. "उजवा मागचा पाय लंगडतोय. आणि घाबरलीय बाई ती. पुढचे खुर फाकलेत."

"कशाला घाबरली असेल?"

टुणी चार उड्या पलीकडे गेली, मातीत बघत बघत. "रानकुत्री. दोन. नाही नाही, तीन."

साळूबाई हसल्या. साळूबाई हसल्या की कशा दिसतात, हे त्या दिवशी जंगलात पहिल्यांदा कोणीतरी पाहिलं.

कापशी झुडपामागेच खाली बसली.  मंडपात सगळ्या जंगलाची पोरं शेपूट मागत होती, पाठ मागत होती, शिंगं मागत होती. आणि तिची वाया गेलेली पोर, फक्त तिची पोर, ठसे वाचत होती. ती आल्या पावली परत फिरली. वाटेत दोन आया भेटल्या.

"काय गं कापशी, घेतलं का आत?"

"नाही हो," कापशी मान खाली घालून म्हणाली. "फारच हट्टी आहे मेली. काय करू?"

आणि वळणापलीकडे गेल्यावर तिने चक्क एक कोलांटी मारली.

थंडीचे दिवस असेच गेले. टोमणे खायचे, मान खाली घालायची आणि घरी येऊन विचारायचं, "आज काय शिकलीस?" तरस झालं. अस्वल झालं. लांडगा झाला. एके संध्याकाळी टुणी घरी आली ती नाचतच.

"आई, बिबट्या झाला! आता मला सगळे येतात. चार बोटं, नखं दिसत नाहीत, मधली गादी अशी फताडी. बाई म्हणाल्या, 'कोणाचा' संपलं. उद्यापासून 'कधीचा'."

कापशीने लेकीला छातीशी धरलं. उन्हाळ्याला अजून थोडा अवकाश होता. भुऱ्या गेल्यापासून पहिल्यांदाच तिला रात्री गाढ झोप लागली. अर्थात डोळे उघडे ठेवून.

आणि सकाळी दारात उंचकाने अण्णा उभे.

अण्णा म्हणजे अखिल ससे समाजाचे पुढारी. कान एवढे लांब की बिळात शिरताना आधी कान यायचे आणि बऱ्याच वेळाने अण्णा.

"कापशीताई," अण्णा भरल्या गळ्याने म्हणाले, "मला सगळं कळलंय. आपल्या समाजाच्या लेकीला मंडपाबाहेर उभं करतात! आणि तुम्ही गप्प!"

"अहो अण्णा, चाललंय ते बरं चाललंय. तुम्ही कशाला त्रास घेता?"

"बघा! बघा किती दबल्या आहेत बिचाऱ्या!" अण्णा मागे वळून म्हणाले. मागे बरेच ससे उभे होते. सगळ्यांनी चुकचुक केलं.

"दबले नाही हो मी. खरंच सांगते. तिला बाहेरच राहू द्या. तिथे साळूबाई..."

"काटे टोचतात पोरीला! ऐकलंत? पोरीला काट्यांच्या शेजारी बसवतात!"

"अण्णा, हात जोडते. थोडे दिवस थांबा. 'कधीचा' तेवढं होऊ दे."

"आता थांबणे नाही!" अण्णा गरजले. "ताई, घाबरू नका. समाज तुमच्या पाठीशी आहे."

समाज खरोखरच पाठीशी होता. समाजाने कापशीला पाठीमागून ढकलत मोर्चाच्या पुढे नेलं. तिच्या गळ्यात दुर्वांची जाडजूड माळ घातली. टुणीला अण्णांनी खांद्यावर घेतलं. 'डोळे उघडे ठेवणे हा आमचा धर्म आहे' अशा घोषणा देत मोर्चा बेहड्याच्या झाडाशी पोचला.

कापशीला वाटलं, पाटील चिडतील, शिंगं रोखतील, मोर्चा परतवून लावतील. तिने मनातल्या मनात शिंगाळ्या देवाला नवससुद्धा बोलून टाकला, की एवढं होऊ दे. पण पाटील बाहेर आले ते हसत हसत.

"अहो, एवढंच ना? आम्हाला आधी का नाही सांगितलंत?"

कोल्होबाने तिथल्या तिथे निर्णय जाहीर केला. सशांच्या लांबकान्या देवाची प्रार्थना आजपासूनच सुरू. ती डोळे उघडे ठेवून म्हणायची. आणि यापुढे कोणत्याही लेकराला, कुठल्याही कारणाने, मंडपाबाहेर काढायचं नाही. सगळ्यांना समान हक्क!

सशांनी एकच जल्लोष केला. टुणीला पहिल्या रांगेत, मधोमध जागा मिळाली. तिच्या डोक्यावर फूल ठेवलं. ज्या दिवशी मंडपामागे 'कधीचा' सुरू व्हायचं होतं, त्या दिवशी टुणी मंडपात उभी राहून म्हणत होती,

"लांबकान्या देवा, उघड्या डोळ्यांनी,
तुलाच पाहतो दिवसारजनी."

कापशीला सगळे येऊन भेटत होते. टोमणे मारणाऱ्या आयासुद्धा. "नशीब काढलंस गं!" त्या म्हणाल्या. कापशी हसली. गळ्यातली माळ तिला जड झाली होती.

पण कापशी हार मानणारी नव्हती. घरी आल्यावर तिने टुणीला जवळ घेतलं.

"बाळा, उद्यापासून वाईट वाग."

"म्हणजे?"

"खोड्या काढ. वानराच्या पोराची शेपूट ओढ. प्रार्थना चालू असताना मोठ्याने शिंक. काय वाट्टेल ते कर, पण बाहेर हाकलून घे."

अशी शिकवण कुठली आई देईल, मुलांनो? पण कापशीने दिली. आणि टुणी तशी आज्ञाधारक. तिने दुसऱ्या दिवशी वानराच्या पोराची शेपूट अशी ओढली की ते कमानीवर जाऊन लटकलं. कोल्होबा लालबुंद झाला. पण नियम म्हणजे नियम, बाहेर काढता येत नव्हतं. त्याने टुणीला शिक्षा म्हणून कासवांची प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावली.

शेवटी कापशी साळूबाईंना गाठायला मंडपामागे गेली. बघते तर चिखलाच्या तुकड्यावरही मुरूम पडलेला आणि साळूबाई आपलं बोचकं बांधताहेत.

"बदली झाली," साळूबाई म्हणाल्या. "पलीकडच्या टेकडीवर. पाटलांच्या खासगी रानात. तिथे छान ओली माती आहे म्हणे."

"तिथे कोणाला शिकवणार?"

"पाटलांच्या पाडसाला आणि कोल्होबाच्या पिल्लाला. खास वर्ग आहे. मंडपातल्या धुपाने त्यांना शिंका येतात. नाजूक तब्येतीची आहेत बिचारी."

 कापशी एकदम म्हणाली, "टुणीलाही शिंका येतात! आत्तापासून येतात!"

"कालच्या मोर्चानंतर सशाच्या पोरीला मंडपाबाहेर काढायची कोणाची छाती आहे, बाई? उंचकाने अण्णा टेकडी डोक्यावर घेतील." साळूबाईंचे काटे उभे राहिले आणि पुन्हा आडवे झाले. रागवायचं कोणावर, हेच त्यांना कळेना. "मीसुद्धा पहिल्याच दिवशी नाही म्हणायला हवं होतं. चिमूटभर वेळ म्हणाले होते."

"मग मला तरी सांगा," कापशी त्यांचे पाय धरून म्हणाली. "एका वाक्यात सांगा. मी घरी शिकवते तिला. ठसा कधीचा हे कसं ओळखायचं?"

"एका वाक्यात सांगता आलं असतं तर शाळा कशाला काढली असती? दव पडलं असेल तर वेगळं, ऊन लागलं असेल तर वेगळं. वाऱ्याने कड कुठे ढासळली ते बघायचं, तळाशी पाणी किती साठलं ते बघायचं. रोज एक ताजा ठसा करायचा आणि तो जुना होताना त्याच्याशेजारी बसायचं. ते सांगून येत नाही हो, बसून येतं." त्यांनी बोचकं उचललं. "बसवा तिला. कुठे माती मिळाली तर."

माती कुठली मिळायला? थंडी सरली होती. ओढे आटायला लागले होते. वस्तीभोवतीची जमीन कडक होऊन तडकली होती. कापशीने नाही नाही ते केलं. रात्रीच्या दवाने भिजलेली माती पहाटे खरवडून आणली, तिच्यावर स्वतःचा पंजा उमटवला. टुणी जवळ येऊन बसायची, पण तेवढ्यात मंडपाच्या दिशेने हाक यायची. पहिल्या रांगेतल्यांनी लवकर यायचं असा नियम होता. टुणी परत येईपर्यंत मातीची धूळ झालेली असायची.

मग उन्हाळा आला. सगळं रान पिवळं पडलं. ओढ्यातला शेवटचा डोहही आटला आणि तो एक पाणवठा तेवढा उरला. त्या वर्षी प्रार्थना मात्र फार सुरेख झाल्या. टुणीला 'उत्कृष्ट प्रार्थना' म्हणून अण्णांच्या हस्ते गाजर मिळालं.

गाजराने तहान भागत नाही. दोन दिवस घशात थेंब नव्हता. तिसऱ्या दिवशी टुणीला उभं राहवेना, तेव्हा कापशी तिला घेऊन पाणवठ्यावर निघाली. टळटळीत दुपार होती. काठाला झुडपं होती, दाट. पान हलत नव्हतं. पाणी दिसत होतं, चार उड्यांवर.

पाण्याच्या अलीकडे, ओल्या मातीत, एक ठसा होता.

टुणीने लगेच नाक खाली नेलं. तिला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

"बिबट्या," ती म्हणाली. "चार बोटं. नखं नाहीत. गादी फताडी."

कापशीचा ऊर भरून आला. भुऱ्याला एवढंही कळलं नव्हतं. तिने झुडपांकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, मग लेकीच्या कोरड्या, फुटलेल्या ओठांकडे पाहिलं. आवाज अगदी हळू करून तिने विचारलं, "कधीचा?"

टुणी ठशाकडे बघत राहिली. बराच वेळ. तिचे डोळे टक्क उघडे होते.

"तो धडा राहिला ना, आई," ती म्हणाली. "त्या दिवशी मला आत घेतलं."

तात्पर्य: मुलांनो, शाळेत प्रार्थना जरूर व्हावी, आणि प्रत्येकाच्या देवाची व्हावी. कोणाच्याही लेकरावर अन्याय होता कामा नये. प्रार्थनेने मन शांत होतं, आणि पाणवठ्यावर शांत मनाने आलेलं लेकरू बिबट्याला फार आवडतं. ज्यांना याखेरीज काही शिकायची हौस असेल, त्यांनी पुढच्या जन्मी पाटलाच्या घरी यावं आणि लहानपणापासून शिंकत राहावं.